वजनासाठी डॉक्टरांकडे जाताना: घरच्या तयारीपासून औषध थांबवण्यापर्यंत

माझ्या थोरल्या बहिणीचे वजन पंधरा वर्षांत एकवीस किलोंनी वाढले. या काळात ती गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांकडे गेली, रक्तदाबासाठी फॅमिली डॉक्टरांकडे गेली, घोरण्यासाठी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आली. पण केवळ वजनासाठी ती कोणा डॉक्टरांसमोर एकदाही बसली नाही, कारण खाणे आपल्याच हातात असते, त्यासाठी डॉक्टरांचा वेळ कशाला घ्यायचा, असे तिला मनापासून वाटत होते. शेवटी दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघी गेलो आणि पहिल्या खेपेला चुकीच्या ठिकाणी गेलो. पश्चिम उपनगरातल्या एका वजन कमी करण्याच्या केंद्रात पाऊण तासात तीन महिन्यांच्या पॅकेजची किंमत आणि हप्त्यांची सोय समजावून सांगितली गेली, पण ताईचा रक्तदाब कोणी मोजला नाही आणि ती कोणती औषधे घेते हे कोणी विचारले नाही. पुढे योग्य डॉक्टर भेटले. या दोन वर्षांत जे कळले ते येथे क्रमाने लिहीत आहे. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही; सल्ला घ्यायला जाताना हाती काय असावे आणि तोंडी कोणते प्रश्न असावेत, एवढ्यापुरताच त्याचा उपयोग आहे.

भेटीआधीचा आठवडा

डॉक्टरांच्या खोलीत मिळणारी दहा-पंधरा मिनिटे आठवण्यात वाया जाऊ नयेत, म्हणून निम्मे काम घरीच करून जावे. प्रथम उंची, वजन आणि पोटाचा घेर मोजावा. घेर मोजताना मोजपट्टी नाडी बांधतो तेथे न धरता, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कडा यांच्या मधोमध धरावी, आणि श्वास सहज सोडल्यावर येणारा आकडा लिहावा. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. ताईची उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ७४ किलो होते, म्हणजे बीएमआय २९.६ झाला. पाश्चात्त्य कोष्टकात ३० पासून लठ्ठपणा धरतात, त्यामुळे ती स्वतःला 'थोडी जाड' समजत होती. भारतीयांच्या शरीरात कमी वजनालाही पोटाभोवती चरबी साचते आणि मधुमेह लवकर जडतो, म्हणून आपल्याकडच्या तज्ज्ञांच्या २००९ च्या सहमतीनुसार २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानला जातो. पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, अशीही मर्यादा आहे.

त्यानंतर वजनाचा इतिहास लिहावा. कोणत्या वर्षी किती वजन होते आणि त्या सुमारास काय घडले, म्हणजे बाळंतपण, रात्रपाळी, पाय मोडून घरी बसणे, घरातले आजारपण, नवे औषध, याची साधी तारीखवार नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते. आधी केलेले प्रयत्नही त्यात यावेत: कोणता आहार किती दिवस केला, किती वजन उतरले आणि किती परत आले.

औषधांची यादी हा या तयारीतला सर्वांत महत्त्वाचा कागद आहे, आणि लोक नेमका तोच विसरतात. इन्सुलिन, ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या, पायोग्लिटाझोन, स्टेरॉइड, ओलान्झापिन, सोडियम व्हॅलप्रोएट, मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन अशा कितीतरी औषधांनी वजन वाढू शकते. ताई अर्धशिशीसाठी अमिट्रिप्टिलिनची गोळी सहा वर्षे घेत होती आणि ती गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना भेटूनही तिला चार वर्षे झाली होती. यादी नेली म्हणूनच हे लक्षात आले. मात्र ही औषधे स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत. फिट्सची, मानसिक आजाराची किंवा स्टेरॉइडची गोळी अचानक थांबवणे वजनापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे असते. वैद्याने दिलेले काढे, जिममधून आणलेली पावडर आणि टीव्हीवर पाहून मागवलेल्या कॅप्सूलही यादीत लिहाव्यात, आणि शक्यतो डबीच सोबत न्यावी.

सात दिवसांची खाण्याची वहीही न्यावी. त्या आठवड्यात शहाण्यासारखे खाऊ नये. जसे रोज खाता तसेच खावे आणि खरे लिहावे. कार्यालयातले चार कप साखरेचे चहा, संध्याकाळी स्टेशनाबाहेरचा वडापाव, रात्री पावणेदहाला घरी पोचल्यावरचे जेवण, चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी, मुलांच्या ताटात उरलेले संपवलेले घास, हे सर्व वेळेसह यावे. विरार किंवा अंबरनाथहून रोज लोकलने ये-जा करणाऱ्याला दोन जेवणांत आठ-नऊ तासांचे अंतर पडते, आणि आहाराचा कोणताही बेत त्या वेळापत्रकात बसला नाही तर पंधरा दिवसांत मोडतो. झोप किती मिळते आणि घोरणे कितपत आहे, हे घरच्यांना विचारून लिहावे.

कोणाकडे जावे

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून किंवा एमडी मेडिसिन झालेल्या डॉक्टरांपासून करणे बहुतेकांना पुरते. मधुमेह आटोक्यात नसेल, थायरॉइडचा किंवा पाळीचा गुंतागुंतीचा त्रास असेल, वजन थोड्या महिन्यांत झपाट्याने वाढले असेल, किंवा पोटावर रुंद जांभळे वळ, सहज पडणारे काळेनिळे डाग आणि दंड-मांड्यांतली अशक्तता अशी लक्षणे असतील, तर एंडोक्रायनोलॉजिस्टकडे, म्हणजे अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांकडे चिठ्ठी मागावी.

खासगी तज्ज्ञांची फी परवडत नाही म्हणून हा विषयच सोडून देणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्याचे मला वाईट वाटते, कारण मुंबईत दुसरा मार्ग आहे. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर आणि विलेपार्ल्याचे कूपर ही महापालिकेची रुग्णालये आहेत, तर भायखळ्याचे जे. जे. हे राज्य सरकारचे. येथे सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा आणि आधी मेडिसिनच्या ओपीडीत दाखवावे. तेथून गरजेप्रमाणे पुढच्या विभागात पाठवतात. केईएममध्ये एंडोक्रायनोलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. विशेष विभागांच्या ओपीडीचे वार ठरलेले असतात, म्हणून पहिल्याच दिवशी खिडकीवर वार विचारून केसपेपरच्या मागे लिहून ठेवावा. गर्दी असते आणि अर्धा दिवस जातो, हे खरे. सोबत पाण्याची बाटली, डबा आणि जुन्या रिपोर्टांची तारीखवार लावलेली फाइल न्यावी.

डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर नावाने पाहता येते. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असायलाच हवा. भेटीच्या आधी पॅकेजचे पैसे मागणारे, 'महिन्यात दहा किलो' अशी हमी देणारे, औषधाचे नाव न सांगता स्वतःच्याच पुड्या देणारे किंवा रक्तदाबसुद्धा न मोजता इंजेक्शन सुरू करणारे ठिकाण कितीही चकचकीत असले तरी सोडून निघावे. चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या केंद्रीय कायद्यात ज्या आजारांवरील उपचारांची जाहिरात निषिद्ध आहे, त्या यादीत लठ्ठपणाचेही नाव आहे. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामिन हे भूक कमी करणारे औषध मिसळलेले सापडल्याची उदाहरणे जगभर आहेत. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे हे औषध भारतात २०११ मध्ये बंद करण्यात आले. असे काही हाती आले तर वांद्रे-कुर्ला संकुलात कार्यालय असलेल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

पहिली भेट

बसल्या बसल्या पहिले वाक्य स्पष्ट बोलावे: "डॉक्टर, मी आज वजनासाठी आले आहे." सर्दीसाठी जाऊन निघताना दाराशी वजनाचा विषय काढला, तर 'चालत जा, गोड कमी करा' एवढेच उत्तर मिळते आणि त्यात डॉक्टरांचा दोष फारसा नसतो. त्यानंतर वजनामुळे नेमके काय अडते ते सांगावे: दादरचा पूल चढताना धाप लागते, जमिनीवर बसून उठता येत नाही, पाळी तीन महिने येत नाही, दुपारी खुर्चीत डुलकी लागते. रात्री चोरून खाणे, एका बैठकीत आवरता न येणारे खाणे, खाऊन मुद्दाम उलटी करणे, सततची उदासी, यांपैकी काही असेल तर तेही सांगावे, कारण त्यावर उपचार न करता दिलेला कडक आहार त्रास वाढवतो. घरच्यांसमोर बोलणे अवघड असेल तर त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगण्यात काही गैर नाही.

चांगले डॉक्टर रक्तदाब मोजतील, मान आणि काखेतली त्वचा पाहतील, कारण तेथील काळपट मखमली वळ्या इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते, आणि काही तपासण्या लिहून देतील. साधारणपणे उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), कोलेस्टेरॉलचा पूर्ण तपशील, टीएसएच (थायरॉइडसाठी), एसजीपीटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), काहींना ईसीजी आणि फॅटी लिव्हर पाहण्यासाठी पोटाची सोनोग्राफी, एवढे पुरते. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणि ६.५ किंवा अधिक म्हणजे मधुमेह, असा त्याचा अर्थ लावतात. टीएसएच वाढलेला निघाला की अनेकांना सगळ्या वजनाचे कारण सापडल्यासारखे वाटते; वस्तुतः थायरॉइडच्या कमतरतेने वाढणारे वजन सहसा थोडेच असते आणि गोळी सुरू झाल्यावर तेवढेच उतरते. प्रयोगशाळांच्या साठ-सत्तर तपासण्यांच्या स्वस्त पॅकेजपेक्षा डॉक्टरांनी लिहिलेल्या आठ तपासण्या अधिक कामाच्या असतात.

घोरण्याकडे ताईने, आणि आम्ही सगळ्यांनीच, चेष्टेचा विषय म्हणून पाहिले होते. डॉक्टरांनी झोपेची तपासणी करवली तेव्हा झोपेत तिचा श्वास वारंवार अडत असल्याचे निघाले. अशी तुटक झोप भूक वाढवते, रक्तदाब चढा ठेवते आणि दिवसभर हालचाल करण्याची इच्छाच राहत नाही. नाकावर लावायचे यंत्र सुरू झाल्यावर दोन महिन्यांत ती सकाळी आपणहून फिरायला जाऊ लागली, याचे मला आजही नवल वाटते.

उठण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. माझे वजन वाढण्याचे तुम्हाला दिसलेले कारण कोणते? पहिल्या सहा महिन्यांचे उद्दिष्ट किती? पुन्हा कधी यायचे, आणि मध्ये त्रास झाला तर कोणाला विचारायचे? चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे आणि तो उपचार सुरू होण्यापूर्वीच विचारायचा असतो: हा उपचार थांबेल तेव्हा उतरलेले वजन टिकवण्यासाठी तुमची योजना काय आहे? ज्या डॉक्टरांकडे याचे उत्तर असते त्यांच्याकडे थांबावे.

उद्दिष्टाबद्दल बहुतेकांची निराशा होते, कारण लग्नातल्या फोटोतले वजन डोळ्यांसमोर असते आणि डॉक्टर सहा महिन्यांत ५ ते १० टक्के म्हणतात. ताईच्या बाबतीत ते पावणेचार ते साडेसात किलो होते. हे अंतर लहान नाही. अमेरिकेतील 'डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम' या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७ टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे हालचाल एवढेच उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले.

आहार आणि हालचाल

आहारतज्ज्ञाने तुमची वही वाचून बेत आखला पाहिजे. सर्वांना एकच छापील कागद मिळत असेल तर तो परत करावा. मराठी घरातले जेवण टाकून देण्याची काही गरज नसते, ताटातले प्रमाण बदलावे लागते. पोळ्या आणि भात कमी, उसळ, घट्ट वरण, ताक, अंडी, बांगडा किंवा बोंबील अधिक, अशी ही अदलाबदल आहे; एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात, त्यावरून दिवसाचा हिशेब घालता येतो. उपवासाच्या दिवशी साबुदाणा आणि बटाटा यांऐवजी दही, राजगिरा, शेंगदाणे यांवर भर द्यावा, आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर श्रावणातले उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. दिवसाला ८०० उष्मांकांच्या आसपासचे अतिकमी आहार काही रुग्णांना खरोखर उपयोगी पडतात, पण ते वैद्यकीय देखरेखीखालीच करायचे असतात. फार वेगाने वजन उतरले की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते.

चालण्यासाठी शिवाजी पार्क किंवा मरीन ड्राइव्ह जवळ असलेच पाहिजे असे नाही. एक स्टेशन आधी उतरणे, सोसायटीच्या आवारात जेवणानंतर पंधरा मिनिटे फिरणे यानेही आठवड्याचे १५० मिनिटे भरतात. गुडघे दुखत असतील तर डॉक्टरांकडून फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी घ्यावी. आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर देणारा व्यायाम हवाच, कारण उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात आणि पन्नाशीनंतर गेलेले स्नायू परत मिळवणे कठीण असते.

औषधे: घेण्याआधी काय समजून घ्यावे

आहार आणि हालचालीने काही महिन्यांत पुरेसा फरक पडला नाही, किंवा वजनाशी निगडित आजार आधीच असतील, तर औषधाचा विचार होतो. ऑर्लिस्टॅट ही जुनी गोळी जेवणातल्या चरबीचा सुमारे ३० टक्के भाग पचू देत नाही. तळलेले खाल्ले की तेलकट जुलाब होतात, आणि दीर्घकाळ घेतल्यास चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वे वेगळी घ्यावी लागतात.

सध्या ज्यांची चर्चा आहे ती आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने आहेत. टिर्झेपेटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये मौंजारो या नावाने आले आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये वेगोव्ही या नावाने. आतड्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकांसारखे काम करून ती भूक कमी करतात आणि जठर सावकाश रिकामे होऊ देतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरले, तर औषधाविना केवळ जीवनशैलीचा सल्ला मिळालेल्यांचे २.४ टक्के. त्याच चाचणीतल्या लोकांनी औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला. वर सांगितलेला चौथा प्रश्न मी इतक्या आग्रहाने का लिहिते, हे यावरून ध्यानात येईल.

डोस हळूहळू वाढवायचा असतो. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून आणि टिर्झेपेटाइड २.५ मिलिग्रॅमपासून सुरू होते आणि साधारण चार आठवड्यांनी पुढची पायरी येते. मैत्रिणीचा डोस बघून आपला वाढवणे म्हणजे उलट्यांना आमंत्रण आहे. मळमळ, जुलाब किंवा बद्धकोष्ठ सुरुवातीला अनेकांना होते. लहान घास, कमी तेल आणि पुरेसे पाणी यांनी ते बहुधा सुसह्य राहते. पण पोटात असह्य दुखून कळ पाठीकडे जाणे, पाणीही न टिकणे किंवा डोळे पिवळे दिसणे, असे झाल्यास पुढच्या भेटीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

स्वतःला किंवा कुटुंबात थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झालेला असेल, पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल, किंवा मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला असेल, तर ते आधी सांगावे. गरोदरपणात ही औषधे चालत नाहीत. मूल हवे असल्यास सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. टिर्झेपेटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून ते सुरू करताना आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे निरोधासारखे दुसरे साधन वापरावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर एकदम खाली येऊ शकते, त्यामुळे त्या औषधांचे प्रमाण डॉक्टरांनी बदलावे लागते. कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू असल्याचे न चुकता सांगावे.

खरेदी चिठ्ठी दाखवून, परवानाधारक केमिस्टकडूनच आणि बॅच क्रमांक असलेल्या बिलावर करावी. न उघडलेले इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते, म्हणजे फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे; गोठलेले वापरू नये. मे महिन्यात ठाण्याहून कल्याणला नेताना थंड पिशवी लागतेच.

खर्च, विमा आणि शस्त्रक्रिया

मौंजारो आले तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपये होती, म्हणजे महिन्याला चार कुप्यांचे १४,००० ते १७,५०० रुपये. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती, त्यामुळे जुन्या आकड्यांवर न विसंबता त्या दिवशीची किंमत दोन केमिस्टांकडे विचारावी आणि किमान वर्षभराचा हिशेब घालूनच सुरू करावे. दोन महिने घेऊन पैशांअभावी थांबण्यापेक्षा हे आधीच डॉक्टरांना मोकळेपणाने सांगितलेले बरे. मला तरी त्यात लाजण्यासारखे काही दिसत नाही.

वजन फार असेल तर शस्त्रक्रियेचा पर्याय उरतो. तिचा खर्च विम्यातून मिळायचा तर, विमा नियामक असलेल्या आयआरडीएआयच्या प्रमाणित अटींनुसार रुग्ण किमान १८ वर्षांचा असावा, बीएमआय ४० किंवा अधिक असावा, किंवा ३५ वा त्याहून अधिक असून हृदयविकार, झोपेत श्वास अडण्याचा तीव्र आजार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा आजार असावा, आणि कमी तीव्रतेचे उपाय निष्फळ ठरलेले असावेत. हे शेवटचे कलम कागदावर सिद्ध करावे लागते. म्हणून प्रत्येक भेटीतले वजन चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि आहारतज्ज्ञाचे कागदही फाइलमध्ये लावावेत.

वजन थांबल्यावर आणि औषध थांबवताना

पहिले तीन महिने दर महिन्याला आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी भेट असावी. वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी उठल्यावर करावे. चौथ्या-पाचव्या महिन्यात काटा अडतो. शरीर हलके झाल्यावर त्याला लागणारी ऊर्जाही कमी होते, त्यामुळे हे अपेक्षितच असते, आणि अशा वेळी भेट टाळण्याची इच्छा सर्वांत प्रबळ असते. त्या महिन्याची भेट तर मुळीच चुकवू नये. ताई दोनदा चुकवायला निघाली होती.

औषध थांबवायचे ठरले तर ते गणपती, दिवाळी किंवा घरातल्या लग्नाच्या तोंडावर थांबवू नये. डोस कसा उतरवायचा हे डॉक्टरांशी ठरवावे, व्यायामाचे दोन दिवस आधीच पक्के बसलेले असावेत, आणि किती वजन परत आले की फोन करायचा तो आकडा दोघांनी मिळून चिठ्ठीवर लिहावा. ताईच्या चिठ्ठीवर तो दोन किलो आहे. ती चिठ्ठी तिने वजनकाट्याच्या वरच्या भिंतीवर चिकटवली आहे.